आवाज आवरणारं यंत्र: कंप्रेसरचा इतिहास

आजच्या विषयाची पाटी खाली गेटवर लागल्यापासून दोघातिघांनी आम्हाला विचारलं, ‘सर, फ्रिजच्या कंप्रेसरवर तासभर बोलणार?’ नाही. फ्रिजचा कंप्रेसर वायू दाबतो. आजचा कंप्रेसर आवाज दाबतो, आणि आवाजातलाही फक्त लहानमोठेपणा. सूर, शब्द, लय यांना त्याने हात लावू नये अशी अपेक्षा असते. ती कितपत पुरी होते ते बघूच. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने या भानगडीत का पडावं, याचं उत्तर बोलता बोलता येईल. सुरुवातीला एवढंच सांगतो की इथे बसलेल्यांपैकी काहींच्या कानात आत्ता, या क्षणी हे यंत्र चालू आहे. आमच्याही आहे.

आधी यंत्र म्हणजे काय ते. तुम्ही रात्री मालिका बघत बसलेले असता. सासू-सुनेचं हळू आवाजात काही कारस्थान चाललंय आणि मध्येच जाहिरात कडाडते. तुम्ही दचकता, रिमोट शोधता, आवाज कमी करता. मालिका परत सुरू होते, संवाद ऐकू येत नाहीत, तुम्ही आवाज वाढवता. हे तुम्ही जे करता तेच कंप्रेसर करतो, फक्त न कंटाळता. तुमच्या त्या कृतीतच त्याची सगळी बटणं आहेत. किती मोठा आवाज झाला की तुमचा हात रिमोटकडे जातो, ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड. हात गेल्यावर किती कमी करता, ते प्रमाण म्हणजे रेशो. चारास एक असा रेशो असेल तर पातळीच्या वर आठ डेसिबल गेलेला आवाज दोनच डेसिबल वर राहतो. रिमोट हातात येईपर्यंत जो वेळ जातो तो अटॅक. जाहिरात संपल्यावर आवाज पूर्ववत करायला जो वेळ लागतो तो रिलीज. आणि पाचवी गोष्ट अशी की मोठे आवाज दाबल्यामुळे वर जागा मोकळी होते. मग सगळंच थोडं वर उचलता येतं. त्याला मेकअप गेन म्हणतात. या पाचव्या बटणाचे पराक्रम आपण पुढे बघणार आहोत.

आता प्रश्न असा की याची गरज कुणाला पडली?

आपला कान फार मोठा पल्ला सांभाळतो. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाला शून्य डेसिबल धरलं तर कानाला दुखेल असा आवाज १२० डेसिबलच्या आसपास येतो. दर वीस डेसिबलला हवेतला दाब दहापट होतो, म्हणजे या दोन टोकांमध्ये दाबाचा फरक दहा लाखपट आहे. दहा लाख पायऱ्या आपण मोजत बसत नाही, कारण कान आणि मेंदू मिळून त्यांची घडी घालतात. १८६० साली लाइपझिगच्या गुस्टाव्ह फेक्नरने ‘मनोभौतिकी’वरचा आपला ग्रंथ काढला आणि म्हटलं की उद्दीपन पटीपटीने वाढतं तेव्हा संवेदना पायरीपायरीने वाढते. त्याच्या आधी कांटने सांगून ठेवलं होतं की प्रत्येक संवेदनेला एक ‘मात्रा’ असते. ती लांबी-रुंदीसारखी तुकडे जोडून होत नाही, एकदमच जाणवते, आणि शून्यापर्यंत हळूहळू उतरू शकते. आम्ही हे वर्गात पस्तीस वर्षं शिकवलं, उदाहरण नेहमी उजेडाचं द्यायचो. आवाजाचं उदाहरण जास्त चांगलं आहे हे आम्हाला निवृत्तीनंतर कळलं, पण ते असो.

तर कानाचा पल्ला १२० डेसिबल. जुन्या लाखेच्या तबकडीचा पल्ला? चाळिसाच्या आसपास, तोही नवी असेल तर. खाली सुईची खरखर, वर खोबणीची मर्यादा. सिनेमाच्या पट्टीवरचा प्रकाशमुद्रित आवाज, मध्यम लहरींचा रेडिओ, यांचंही तसंच. मोठ्या घरातलं सामान वन-रूम-किचनमध्ये हलवायचं असा हा प्रकार आहे. मीरा रोडला राहायला आलेल्या निम्म्या लोकांना तो समजावून सांगायला नको.

यंत्र येण्याच्या आधी हे काम माणसं करत होती. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजान वगैरेंची ध्वनिमुद्रणं केली, तेव्हा माइक नव्हताच. एक भोंगा होता. गायकाने त्यात तोंड घालून गायचं, तान जोरात येणार असेल तर मान मागे घ्यायची, खर्जात जाणार असेल तर पुढे झुकायचं. कधीकधी दुसरा माणूस गायकाला धरून मागेपुढे करायचा. कंप्रेसरचा पहिला अवतार म्हणजे गाणाऱ्याची मान. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब या दोन्ही काळांत गायले. त्यांच्या १९०५च्या आसपासच्या तबकड्या भोंग्यातल्या आहेत आणि १९३०नंतरच्या ओडियनच्या तबकड्या माइकवरच्या. दोन्ही यूट्यूबवर मिळतात, पाठोपाठ ऐका. वयाने आवाज बदलला हे खरंच, पण दुसऱ्या खेपेला तो माणूस जणू आपल्याशी एकट्याशी गातोय असं वाटतं. हळू गाणाऱ्याला विजेच्या ध्वनिमुद्रणाने न्याय दिला. नाटकाच्या थिएटरात माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची जी विद्या आपल्या संगीत नाटकवाल्यांनी कमावली होती, तिचा भाव त्याच वेळी उतरायला लागला. याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

२३ जुलै १९२७ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं. दीड किलोवॉटचा ट्रान्समीटर. रेडिओच्या ट्रान्समीटरचं एक दुखणं आहे. लहरीवर आवाज चढवतात त्याला शंभर टक्क्यांची मर्यादा असते. तिच्या पलीकडे गेलात तर आवाज फाटतो आणि शेजारच्या स्टेशनवरही सांडतो. म्हणून कंट्रोल रूममध्ये एक माणूस बसवायचा. डोळा काट्यावर, हात गोल बटणावर. गवयाने समेवर जोर दिला की थोडं खाली, आलापात थोडं वर. हा माणूस गाणं जाणणारा असेल तर त्याला सम कधी येणार हे आधी कळायचं आणि हात आधीच वळायचा. गाणं न कळणारा असेल तर सम होऊन गेल्यावर आवाज खाली यायचा. म्हणजे अटॅक टाइम आला तो त्या माणसाच्या संगीताच्या कानावर अवलंबून. हे लक्षात ठेवा. पुढे जी यंत्रं आली त्यांना सम कळत नाही. त्यांना फक्त होऊन गेलेलं कळतं.

त्याच सुमारास बोलपट आला. १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक, ‘आलम आरा’. इंपीरियलच्या स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून बहुतेक चित्रण रात्री, गाड्या थांबल्यावर केलं. का? कारण माइकला गाडी आणि गाणं यांच्यात निवड करता येत नाही. आपल्या खोलीत पंखा चालू असतो, तो आपण ऐकत नाही. माइक ऐकतो. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ आला, प्रभातचा, आणि तिथे आवाजाची बाजू विष्णुपंत दामल्यांनी अंगावर घेतली. पडदे रंगवणं, कॅमेरा, यंत्रं, सगळ्यात ज्याचा हात चालतो अशा माणसाने आवाजही शिकून घ्यावा, हे त्या पिढीला साजेसंच होतं.

आता इथून फार लांब नसलेल्या ठिकाणी जाऊ. मीरा रोडला गाडीत बसा, बोरिवली-कांदिवली गेलं की मालाड. तिथे बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ होता, १९३४ पासून. १९४९ साली ‘महल’साठी तिथे एक गाणं मुद्रित झालं. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, गायिका विशीतली लता मंगेशकर. गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी दुरून यायला हव्या होत्या, जणू कुणी लांबच्या दालनातून गात गात जवळ येतंय. आज हे संगणकावर दोन मिनिटांत होतं. तेव्हा उपाय एकच होता. माइक खोलीच्या मध्ये ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात माइकपर्यंत चालत आल्या. चाल अशी बेतायची की मुख्य गाणं सुरू व्हायच्या क्षणी माइकसमोर पोचायचं. हे नीट जमेपर्यंत त्यांनी ते पुन्हापुन्हा केलं, आणि पुढे मुलाखतींतून सांगितलंही.

आम्हाला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणाने. त्या ओळींत दोन गोष्टी बदलतात. आवाज लहानाचा मोठा होतो, हे झालं एक. शिवाय त्याच्याभोवतीची खोली कमी कमी होत जाते, भिंतींवरून येणारा आवाज मागे पडतो आणि गळ्यातून थेट येणारा पुढे येतो. या दोहोंतून आपल्याला ‘अंतर’ ऐकू येतं. आता समजा त्या मुद्रणाला कडक कंप्रेसर लावला असता. कोपऱ्यातला आवाज उचलून वर आणला असता आणि माइकजवळचा दाबला असता. शब्द सगळे स्पष्ट ऐकू आले असते. चालणं मात्र नाहीसं झालं असतं. कंप्रेसर आवाजाची पातळी सारखी करतो असं पुस्तकात लिहितात. खरं तर तो लांबचं जवळ आणतो आणि जवळचं लांब नेतो, म्हणजे सगळ्यांना एकाच अंतरावर उभं करतो.

यंत्र आलं ते टेलिफोनवाल्यांकडून. लंडन-न्यूयॉर्क रेडिओ-टेलिफोन सेवा १९२७ला सुरू झाली. त्या लाइनवर वातावरणाची इतकी खरखर की हळू बोललेलं बुडून जायचं. १९३०नंतरच्या वर्षांत बेल कंपनीच्या अभियंत्यांनी युक्ती काढली. या टोकाला आवाज दाबून पाठवायचा, म्हणजे हळू बोलणंही खरखरीच्या वर राहील. त्या टोकाला तेवढाच उलगडायचा. दाबणं आणि उलगडणं यांची ही जोडी. पुढे आपल्याकडे डिजिटल एक्स्चेंजेस आली तेव्हा तीच कल्पना आकड्यांच्या रूपात आली, ‘ए-लॉ’ नावाने. तुमच्या गावाकडच्या एसटीडी बूथवरून केलेल्या फोनातही ती होती.

१९३७ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकने रेडिओ स्टेशनांसाठी ११०-ए नावाचा अँप्लिफायर काढला आणि कंट्रोल रूममधल्या माणसाच्या हाताचं काम व्हॉल्व्हकडे गेलं. हिशेब सरळ होता. आवाजाची शिखरं आवरून सरासरी तीन डेसिबलने वर नेता आली, तर ते ट्रान्समीटरची ताकद दुप्पट केल्यासारखं होतं. ट्रान्समीटर दुप्पट करायला पैसे किती आणि हे यंत्र केवढ्याला! म्हणजे बघा, कंप्रेसर विकला गेला तो पहिल्यापासून दोन तोंडांनी. एक तोंड म्हणायचं, आवाज फाटणार नाही. दुसरं म्हणायचं, शेजाऱ्यापेक्षा तुम्ही मोठे ऐकू याल.

मग तबकडीवाल्यांनी तो उचलला. एस्टोनियातून अमेरिकेत आलेल्या राइन नार्मा नावाच्या अभियंत्याने १९५०च्या दशकाच्या शेवटी फेअरचाइल्ड कंपनीसाठी ६६० आणि मग स्टीरिओसाठी ६७० ही यंत्रं रचली. ६७० मध्ये २० व्हॉल्व्ह, वजन सुमारे तीस किलो. तबकडी कापताना सुई खोबणीबाहेर उडी मारू नये हा त्याचा मूळ उद्देश. आज याच यंत्राची किंमत मुंबईबाहेरच्या फ्लॅटच्या हिशेबात मोजतात. लंडनच्या ॲबी रोडला, म्हणजे आपल्या एचएमव्हीच्या मायघरी, ईएमआयच्या स्टुडिओत, लोकांनी आल्टेक नावाच्या अमेरिकन यंत्राची उलथापालथ करून स्वतःचं वेगळं बनवून घेतलं. इंग्रज माणूस दुसऱ्याचं यंत्र आहे तसं कधी वापरत नाही.

पण आम्हाला मनापासून आवडतो तो जिम लॉरेन्स. कॅलिफोर्नियातला. रेडिओ स्टेशनवर काम केलेला, दिवसभर बटण फिरवून वैतागलेला. त्याने टेलेट्रॉनिक्स नावाची छोटी कंपनी काढली आणि १९६०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एलए-२ए आणला. यातली रचना ऐका. आवाजाची वीज एका छोट्या चकाकणाऱ्या पट्टीला देतात. आवाज मोठा झाला की पट्टी जास्त उजळते. तिच्यासमोर एक पदार्थ बसवलेला असतो, ज्याचा विद्युतरोध उजेडात घटतो. तो घटला की आवाजातला काही भाग जमिनीत वळवला जातो, म्हणजे आवाज खाली येतो. बस्स. काळ्या डबीत एक दिवा आणि त्याच्याकडे बघणारा एक डोळा. बाहेर मुख्य बटणं दोनच, किती दाबायचं आणि किती उचलायचं. अटॅक-रिलीजची बटणं नाहीतच, कारण ते काम त्या पदार्थाचा स्वभाव करतो.

आणि स्वभाव कसा आहे? उजेड पडल्यावर साधारण दहा मिलिसेकंदांत तो जागा होतो. उजेड गेल्यावर निम्मा सावरतो तो चटकन, ६० मिलिसेकंदांत. उरलेला निम्मा सावरायला एक ते पंधरा सेकंद घेतो. किती? ते आधी उजेड किती तीव्र होता आणि किती वेळ होता यावर ठरतं. भर दुपारी उन्हातून थिएटरात शिरल्यावर आपल्याला जसं होतं, तसंच. म्हणजे या डबीला स्मृती आहे. एखादा शब्द जोरात आला तर ती पटकन विसरते. अख्खी ओळ चढ्या आवाजात आली तर तिच्या मनात ते राहतं. गाणाऱ्या गळ्यावर हे यंत्र इतकं का शोभतं याचं कारण यातच आहे. काट्यावर बसलेल्या त्या जुन्या माणसाच्या हाताच्या सगळ्यांत जवळ तेच जातं.

१९६७ साली बिल पटनमने ११७६ आणला. यात व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टरच्या जातीचा फेट, आणि अटॅक एका सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागाइतका जलद. त्यानंतर जे झालं ते झपाट्याने झालं. चिप आल्या, कन्सोलमध्ये प्रत्येक चॅनलला कंप्रेसर आला, मग संगणक आला. आज एलए-२एचं चित्र पडद्यावर दिसतं आणि माउसने बटण फिरवता येतं. आत दिवाही नाही, डोळाही नाही.

यातला वेग किती नाजूक असतो हे आपल्या संगीताच्या उदाहरणाने सांगतो. तबल्याचा ‘ना’ घ्या. पहिला क्षण म्हणजे चाटीवरचा बोटाचा आघात, मग शाईची आस. अटॅक फार जलद ठेवला तर आघात दाबला जातो आणि आस वर येते, तबला कापडात गुंडाळून वाजवल्यासारखा लागतो. अटॅक थोडा सावकाश ठेवला तर आघात निसटून पुढे जातो, ‘ना’ खणखणीत राहतो. आता रिलीज. गायक थांबलाय, डग्ग्यावर घुमारा आलाय. कंप्रेसरने सगळंच खाली दाबलं, त्यात बिचारा तानपुराही दबला. घुमारा संपला की तानपुरा फुगत फुगत वर येतो. पुढची थाप, परत खाली. तानपुऱ्याला धाप लागल्यासारखं वाटतं. जुन्या थेट प्रक्षेपणांत हे कितीदा ऐकलंय आम्ही! रसिकाला वाटायचं रेडिओ बिघडलाय.

भारताचा या कथेत आणखी एक धागा आहे. रे डॉल्बी, ज्याचं नाव आपण थिएटरात वाचतो, तो १९६३ ते १९६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून चंदीगडला होता. टेपवर ध्वनिमुद्रण केलं की मागे ‘हिस्स’ असा जो सततचा आवाज येतो, त्याने तो अस्वस्थ होता. त्याच्या नॉइझ रिडक्शनच्या कल्पनेचं मूळ त्या वर्षांतलं, असं सांगतात. १९६५ला लंडनला जाऊन त्याने कंपनी काढली. कल्पना टेलिफोनवाल्यांचीच, मुद्रण करताना दाबायचं आणि ऐकताना उलगडायचं. त्याने फक्त हळू आवाजांनाच हात लावला, मोठ्यांना सोडून दिलं. हे ‘फक्त’ म्हणजेच त्याची प्रतिभा.

आणि परळ. १९४२ला व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं, तिथे मंगेश देसाई मिक्सिंग करत. आपल्या मराठी माणसाला हे नाव लेखक-नट-गायकांइतकं ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं. ‘शोले’चं मिक्सिंग त्यांचं. ठाकूरच्या घरची माणसं मारली जातात तो प्रसंग आठवा. गोळ्या सुटतात, आणि मग झोपाळ्याची ती करकर. गोळीइतकीच ती करकर लक्षात राहते, कारण तिच्याभोवती काही ठेवलेलं नाही. चाळीस-पन्नास डेसिबलच्या पल्ल्यात शांतता दाखवायची तर आधीचा आवाज किती वर न्यायचा आणि करकर किती खाली ठेवायची, हा निर्णय यंत्राचा नसतो.

आता पाचव्या बटणाकडे या. १ नोव्हेंबर १९६७ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, मुंबई, पुणे आणि नागपूरला. जाहिरातवाल्याला दहा-वीस सेकंद मिळतात आणि ते त्याने विकत घेतलेले असतात. त्याला कुजबुजायला परवडत नाही. प्रक्षेपणाची मर्यादा असते ती शिखरांवर, म्हणजे सर्वांत मोठ्या क्षणावर. आपला कान मात्र मोठेपणा ठरवतो तो बराचसा सरासरीवर. मग करायचं काय, शिखरं छाटायची आणि बाकी सगळं उचलायचं. काटा नियमाच्या आत, आणि घरातली माणसं दचकलेली. तांत्रिकदृष्ट्या कुणीही खोटं बोललेलं नाही! १९९४च्या केबल टेलिव्हिजन नियमांत लिहिलंय की जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा असू नये. अवाजवी म्हणजे किती, तिथेच सगळी मेख. युरोपात २०१०ला शिखरांऐवजी सरासरी मोजायचा दंडक आला, त्याला लाउडनेस म्हणतात. मोबाइलवरच्या गाण्यांच्या ॲपमध्येही आता तीच मोजणी आहे, त्यामुळे गाणं जास्त दाबून जास्त मोठं ऐकवण्याचा फायदाच उरलेला नाही. तरी सवय जात नाही. नवी हिंदी गाणी बघा, मुखडा, अंतरा, मधलं संगीत, सगळं एका उंचीवर.

सिल्व्हर पार्कला राहणाऱ्याला मोठा आवाज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. मुख्य रस्त्यावरचे हॉर्न, गणपतीची मिरवणूक, नवरात्र, लग्नाच्या हॉलबाहेरचा डीजे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, काही दिवसांची सवलत सोडून. या मिरवणुकीतल्या प्रत्येक साउंड सिस्टिममध्ये लिमिटर असतो. लिमिटर म्हणजे कंप्रेसरचाच करडा भाऊ, पातळीच्या वर जाऊच देत नाही. मग आपल्या खिडक्या का थरथरतात? कारण तो लिमिटर स्पीकरची कॉइल जळू नये म्हणून बसवलेला आहे. आपला कान जळू नये म्हणून नाही. स्पीकर भाड्याने आणलेला असतो, त्याचे पैसे भरावे लागतात.

आता शेवटचा भाग, जो आमच्या वयाचा आहे. कानाच्या आत शंखासारखा जो भाग आहे, त्यात बाहेरच्या ओळीतल्या केसपेशी असतात. हळू आवाज आला की त्या स्वतः हलून तो उचलतात, मोठा आला की उचलत नाहीत. म्हणजे निसर्गाचा कंप्रेसर. वय झालं, आयुष्यभर गिरणीत, लोकलमध्ये, मिरवणुकीत आवाज खाल्ला, की या पेशी आधी जातात. मग काय होतं? हळू बोललेलं ऐकू येत नाही. मोठं मात्र पूर्वीइतकंच मोठं लागतं, खुपतं. नातू म्हणतो, ‘आजोबा, ऐकू येत नाही का?’ आणि मग ओरडतो, तेव्हा आजोबा म्हणतात, ‘ओरडतोस कशाला?’ घरोघरी यावरून भांडणं होतात, आणि खरं सांगायचं तर दोघंही बरोबर असतात. पल्ला अरुंद झालाय. पूर्वी १२० डेसिबलची जागा होती, आता पन्नास-साठची उरली. तबकडीची जी अडचण होती तीच आता आपल्या कानाची.

जुनी यंत्रं, खिशात डबी आणि कानाला वायर, ती सगळंच सारखं मोठं करायची. म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक ती कपाटात ठेवायचे. गेल्या तीसएक वर्षांतल्या यंत्रांत कंप्रेसर आहे, आणि आता तो वेगवेगळ्या सुरांच्या पट्ट्यांसाठी वेगवेगळा चालतो. हळू आवाजाला जास्त उचल, मध्यमाला कमी, मोठ्याला जवळजवळ नाही. आमचं यंत्र नवं होतं तेव्हा पहिला आठवडा स्वयंपाकघरातली ताटं आणि माणसांचं बोलणं एकाच जागेवरून येतंय असं वाटायचं. सहा महिन्यांनी मशीन बसवणाऱ्या बाईंनी रिलीज लांबवला आणि ताटं पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

एक गोष्ट मात्र राहिली. ही यंत्रं बोलण्यासाठी घडवलेली आहेत. त्यांच्यात शिट्टी दाबणारी एक सोय असते, फीडबॅक कॅन्सलर. एकच सूर बराच वेळ टिकला की तिला वाटतं ही शिट्टी आहे, आणि ती तो खायला लागते. आता तानपुरा, बासरी, किराण्याचा लांबवलेला षड्ज, यांचं काय होत असेल? आम्ही खाँसाहेबांची तबकडी लावली तेव्हा षड्ज मधूनच कापरा होत होता. बहुतेक चांगल्या यंत्रांत ‘संगीत’ नावाचा वेगळा प्रोग्राम बसवून घेता येतो. त्यात ही सोय बंद किंवा मंद करतात आणि कंप्रेशन सौम्य ठेवतात. दुकानात आपणहून कुणी विचारत नाही. मागावं लागतं. ‘मी शास्त्रीय संगीत ऐकतो, तानपुऱ्यावर तपासून द्या’ असं सांगा, मोबाइलवर तानपुरा घेऊन जा आणि तिथेच ऐकून बघा. ज्यांना दुकानात जायचं नसेल त्यांच्यासाठी वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, सरकारी. तिथे तपासणी होते. इथून सकाळची लोकल धरलीत तर दुपारी परत येता येईल.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगांतल्यांनी माइक मागून घ्या, आणि हळू बोललात तरी चालेल.